नवा प्रोसेसर जुंपून बघा

३ नोव्हें., सोम.
नव्या प्रोसेसरचे लॅपटॉप आले. कंपनीचा माणूस आळेफाट्याच्या आमच्या दुकानात आलेख दाखवून गेला. जगभर चिपची विक्री नुसती वर. विचारलं, यात मोठा वाटा एआयच्या डेटा सेंटरांचा ना? आमच्या गिऱ्हाइकाचं काय? "मॅडम, तुम्ही फक्त सांगायचं, जुनं आता चालणार नाही." शेठनी मान डोलावली. मी नाही.

४ नोव्हें.
बेल्ह्याच्या बचत गटाच्या ताई आल्या. पापडांची बिलं करायला लॅपटॉप हवा. मागच्या वर्षीचा आणि नवा शेजारी ठेवून एकच बिल केलं. फरक नाही. जुना घेऊन गेल्या. शेठ : "तुला विकायला ठेवलीय का दुकान बसवायला?"
घरी सांगितलं, तर आप्पा हसले. "बाजारात बैल जुंपून दावल्याबिगर कोन घेतं व्हय? नुसता रंग बघून घेनारा येडाच."

६ नोव्हें.
कालपासून डोक्यात किडा. परवा बिल करून बघताना लाइट गेलेली. जुना इन्व्हर्टरवर होता, नवा बॅटरीवर. बॅटरीवर मशीन हात आखडतं. म्हणजे तुलना खोटी? लवकर जाऊन दोन्ही चार्जरला लावून पुन्हा केलं. बिलाला फरक नाहीच. व्हिडिओला नवा कितीतरी पुढे. दरवर्षी नवं नाव, पण झेप सगळ्यांच्या कामाची नसते.
ताईंना फोन करून सगळं सांगितलं. बदलून देते म्हटलं. "अगं, आमी काय पिच्चर काढनार हाय? लई झ्याक चाललंय आमचं!"

८ नोव्हें.
काउंटरवर पाटी लावली : जुंपून बघा, मग घ्या.
पिंपळवंडीचा लग्नाचे व्हिडिओ करणारा भाऊ आला. जुना घेऊ नका, असं मीच सांगितलं. नवा नेला. शेठ खूश, तरी पाटी काढली. "कंपनी माल बंद करील." मी परत लावली. "लई शहाणी झालीस." झाले. घरात शाळेत गेलेली मी पहिली. शिकले ती काय आलेख दिसला की मान डोलवायला?

१० नोव्हें., सोम.
शेठचा फोन. "उद्या कंपनीचे साहेब येतायत. तू सुट्टी घे."
"येणार मी."
"मग तोंड उघडायचं नाय."
"गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगणार."
मग, "आन् परवापासून येऊ नको म्हटलं तर?"
"ते उद्या साहेबांसमोर म्हणा."
असं मी बोलले. शेठना.
आई विचारतेय, उद्या डबा करू का नको.
कर म्हटलं.