लोहभट्टी येऊन राहिली

८ फेब्रुवारी, रविवार

नक्की झालं. लोहभट्टी हा मेटल बँड आमच्या चिखल्याला येतोय. एकवीस तारखेला, खाणीच्या कॉलनीमागच्या मोठ्या मैदानात. कुठल्याशा नेत्याचा वाढदिवस आहे. नेता कोण, मला देणंघेणं नाही. नागपूरला कॉलेजात असताना मी या बँडचा पहिला शो पाहिला होता. तेव्हा समोर मोजकी टाळकी होती, त्यातला एक चहावाला. आता हजारो येतील. मूळ फॅन कोण, हे त्यांना कळायला हवं.

संकल्प : साखर बंद. लेदर जॅकेटची चेन लागलीच पाहिजे.

दीपमालाला बातमी सांगितली. ती म्हणाली, आपला प्रफुल्ल म्हणे खाणीत खाली पाणी लय येऊन राहिलं. बायकोला संगीतात रस नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बँडच्या मॅनेजरला फोन केला. त्याने विचारलं, काही लोकल आयडिया? माझ्याकडे आयडियांची कमी नाही. म्हणालो, शो खाणीच्या भोंग्याने सुरू करा, मी रेकॉर्ड करून पाठवतो. तो खूश. बदल्यात तिसऱ्या गाण्याला पॅरी मला स्टेजवर बोलावणार. पॅरी म्हणजे गायक, मूळचा परसराम. अर्ध्या आयुष्यापासून ज्याची वाट पाहिली ते होणार.

मी खाणीच्या टाइम ऑफिसातच हजेरी क्लार्क असल्याने रेकॉर्डिंग खिडकीतून झालं. पाळी बदलताना भोंगा एकदाच वाजतो, लांबलचक.

दीपमालाला पटलं नाही. म्हणाली, भोंगा खेळाची वस्तू नाही जी. ती लहान असताना एकदा तो वाजतच राहिला होता, बंदच होईना. त्या दिवशी तिचे मामा वर आले नाहीत. मी समजावलं की हा एकदाच वाजणार आहे. ती भाजी निवडायला लागली. मुद्दा मी जिंकला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मान धरली. डोकं हलवण्याची प्रॅक्टिस वॉर्म-अपशिवाय केली, चूक गादीची आहे. साखर उद्यापासून बंद, आज शेजारच्या सत्यभामाबाईंकडे नातवाचं नामकरण होतं.

प्रफुल्लला (चिरंजीव, खाली काम करतो) सांगितलं, एकवीसची सेकंड पाळी बदलून घे, बाप स्टेजवर जातोय. तो म्हणाला, जमत नाही बाबा, दोघं बिमार आहेत, पंपावर माणूस पाहिजे. वरून खडेही पडून राहिले. तुमी व्हिडिओ आणजा. मी आग्रह धरला नाही. हल्लीच्या पोरांना बापाचं यश झेपत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

साउंडचे ट्रक आले. संध्याकाळी टेस्टिंग. स्पीकरचा बास असा की कॉलनीभर खिडक्या थरथरल्या आणि आमच्या मांडणीवरची ताटं वाजायला लागली. कुत्री मैदान सोडून गेली. सत्यभामाबाईंचा नवराही सेकंड पाळीत आहे. त्या म्हणाल्या, जमिनीले असं काहून हालवता, खाली माणसं हायेत. मी त्यांना बास म्हणजे काय ते सोप्या शब्दांत सांगितलं. त्या मध्येच उठून गेल्या.

रात्री झोप नाही, एक्साइटमेंट. प्रफुल्ल आला का ते दोनदा उठून पाहिलं. म्हणजे पाणी प्यायला उठलो होतो, सहज नजर गेली.

२१ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी

प्रफुल्ल पाळीवर गेला. दारात थांबून म्हणाला, मस्त गाजा बाबा. छातीत कसंतरी झालं. ॲसिडिटी. जॅकेटची चेन अर्ध्यावर अडकते, पण उघडं जॅकेटच जास्त शोभतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मैदानात. पहिली रांग. तुमसर, बपेरा, पार बालाघाटपासून पोरं आली आहेत. कॉलनीवाले मागे खुर्च्यांवर, दीपमाला सत्यभामाबाईंजवळ. मैदानापलीकडे खाणीच्या शाफ्टचा मनोरा, वर लाल दिवा. आज तो उगाच फार जवळ वाटतोय. स्टेजवर गेल्यावर रडायचं नाही, हे ठरलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

झाला प्रकार शांतपणे नोंदवतो.

दिवे गेले. अंधारात भोंगा झाला. माझा भोंगा. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग स्टेजचे दिवे लागले, तरी तो थांबलाच नाही. साउंडवाल्या शहाण्याने इफेक्ट वाढवायला तोच आवाज पुन्हा पुन्हा जोडला होता, मला न विचारता. बाहेरगावची पोरं नाचायला लागली. कॉलनीची माणसं उभी राहिली. कुणी ओरडलं नाही, नुसत्या खुर्च्या पडल्या. आणि सगळी खाणीकडे धावली. चपला मैदानातच राहिल्या.

खरं काय ते मला एकट्यालाच माहीत होतं. लोकांना आवरणं माझं कर्तव्य होतं. म्हणून मीही त्या दिशेने गेलो, साधारण चालत.

शाफ्टपाशी साहेब घसा फोडून सांगत होते की काही झालेलं नाही. सत्यभामाबाई म्हणाल्या, आमचा माणूस दाखवा. शेवटी पाळी थांबवून सगळ्यांना वर आणावं लागलं. लिफ्टची प्रत्येक खेप आली की बायका पुढे होऊन चेहरे पाहत. आपला दिसला की ती बाजूला होई, बाकीच्या तिथेच. प्रफुल्ल पंपावर, म्हणून शेवटच्या खेपेत. तोवर दीपमालाने माझा हात धरला होता, किंवा मी तिचा. कुणाची तरी नखं रुतली.

तो कमरेपर्यंत भिजलेला. म्हणाला, बाबा, तुमी इथं काहून? तुमाले तर स्टेजवर बोलावणार होते नं? मी म्हणालो, मॅनेजमेंटला मदत हवी होती. आवाज फुटेना. आदल्या दिवशीचा रियाज जास्त झाला.

स्टेजवर जाणं राहिलं. तांत्रिक कारण.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मॅनेजरचा फोन. तिसऱ्या गाण्याला पॅरीने माझं नाव घेतलं, दोनदा. लाइटही माझ्या जागेवर मारला. जागा रिकामी होती.

स्टेजवरून घेतलेला व्हिडिओ मोबाइलवर फिरतोय. कॉलनीची माणसं खुर्च्यांवरून उठायच्याही आधी पहिल्या रांगेतून एक जाड माणूस वळतो, बॅरिकेडवरून पडतो, उठतो आणि पळत सुटतो. एका पायात बूट नाही. तोंड उघडं आहे, काहीतरी ओरडतोय. भोंग्यात ऐकू येत नाही, पण ओठांवरून नाव कळतं.

प्रफुल्ल तो पुन्हा पुन्हा पाहत होता. मी म्हणालो, तसं जॅकेट बऱ्याच जणांकडे असतं. तो हाव बाबा म्हणाला, माझ्या पायाच्या फुटलेल्या अंगठ्याला हळद लावून दिली आणि पाळीवर गेला. खाली पाणी अजून तसंच आहे.

दीपमालाने ताट वाढलं. मी म्हणालो, तो वर आल्यावर जेवू.