पहिला ग्लास मावशीकडून

४ मार्च

गाठ आहे. कात्रीला गाठ आहे!

तिलाच सापडली, तीही स्वतःचा शर्ट बेतताना. डावीकडे कापड ओढत होतं. "माझं माप चुकत नाही, म्हणजे अंगच चुकलं," म्हणाली आणि हसली. शिंपीण आहे, जीभही धारदार, म्हणून हे नाव. मला काही हसू आलं नाही.

११ मार्च

कर्करोगच. वर उशीर झालाय म्हणे.

डॉक्टरांनी विचारलं, "या कोण तुमच्या?" आम्ही दोघी एकदम — "बहीण!" इतक्या वर्षांची सवय. मग विचारलं, दारू घेता का? कात्रीने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा. हीच भरते." त्यांना थट्टा वाटली. थट्टा कसली! बारच्या काउंटरमागे रोज मीच उभी असते.

मग म्हणाले, दारूने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. थोडी घेतली तरी. तुम्हाला त्यानेच झाला असं सांगता येणार नाही, पण आता बंद करा.

लिव्हरचं माहीत होतं. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही! तसं बोलून दाखवलं, तर म्हणतात, "बायकांना आम्ही सहसा विचारत नाही." धन्य.

१९ मार्च

बायकांनी बायकांचा हात धरून बसावं अशी या शहरात एकच जागा, आमचा बार. मालकीण कुणाचीच मावशी नाही, म्हणून सगळ्यांची मावशी. घरातून हाकललेली पोरगी आली की पहिला ग्लास मावशीकडून. नोकरी गेली — ग्लास. जोडी जमली, मोडली — ग्लास. कात्रीही अशीच रडत आली होती, आणि तिचा पहिला ग्लास मीच भरला होता.

आज मावशीला म्हटलं, भिंतीवर दोन ओळींची सूचना लावू, दारूने कर्करोगाचा धोका वाढतो अशी. "इथे बायका विसरायला येतात गं. तू त्यांना आठवण करून देणार?" विषय संपला.

२ एप्रिल

आमच्यासारख्या बायकांच्या मंडळाची बैठक. दरवर्षीच्या मेळाव्याचा खर्च यंदाही दारूची कंपनीच करणार, सात रंगांच्या बाटल्यांसकट. मी तिथे दारू आणि कर्करोगावर बोलायला पाच मिनिटं मागितली. मंडळ चालवणाऱ्या वकीलबाई उसळल्या. "आधीच लोक आपल्याला रोगट म्हणतात. त्यांच्या हातात आणखी कोलीत देतेस?"

म्हटलं, "लोक गेले खड्ड्यात. आपल्या बायका किती पितात ते दिसत नाही? का पितात तेही दिसतं ना?"

"बघू," म्हणाल्या. त्यांची भीती खोटी नाही, हेच जास्त झोंबलं.

९ एप्रिल

ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच कात्री म्हणते, "आता शर्टाचा खिसा सपाट बसेल." मेली!

३० मे

केमोने केस गेले. तरी आज तिला बारमध्ये यायचंच होतं. "तिथे नाही तर कुठे धरू तुझा हात? दवाखान्यात तू माझी बहीण."

मी पाणी दिलं. बाकीच्यांनी एकेक करून तिच्यापुढे ग्लास आणून ठेवले. प्रेमाने! मी सगळे उचलून मोरीत ओतले. मावशी चिडली. कात्रीही चिडली. "चारचौघींत लाज काढलीस माझी."

१७ जून

मेळाव्यात बोलले एकदाची. पाच मिनिटांची दोन झाली, तीही गाण्याच्या आधी, खरखरत्या माइकवर. म्हटलं, बायांनो, दारू कमी करा, जमलं तर सोडा. गाठ हाताला लागली तर अंगावर काढू नका. एखाद्या डॉक्टरने नाक मुरडलं तर दुसरा गाठा, पण जा!

टाळ्या पडल्या. लगेच बाटल्या उघडल्या. एक ओळखीची गळ्यात पडून म्हणाली, "काय बोललीस गं! चल, तुझ्या नावाने एक होऊन जाऊ दे." डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

८ ऑगस्ट

हाडांत पसरलंय.

२१ नोव्हेंबर

कात्री परवा गेली. आज बारमध्ये सगळ्या जमल्या, पोटभर रडल्या, आणि तिच्या नावाने ग्लास उचलले.

भरले मीच.