चाचणी म्हणून भरलेला अर्ज

२० मार्च, शुक्रवार. सकाळी ९.१०
काल बारावी संपली. आजपासून एकच काम: शिष्यवृत्ती.
परिस्थिती नोंदवून ठेवते. पप्पांनी दिवाळीतच सांगितलंय. पुण्याला बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सला जायचं तर फी आणि होस्टेलची सोय शिष्यवृत्तीतून व्हायला हवी. नाही झाली तर जळगावातलं कॉलेज, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरापासून स्कूटीने अकरा मिनिटं. ते रागावून बोलले नाहीत, त्यामुळे वादही घालता आला नाही.
काळजीचं कारण नाही. जुन्या लॅपटॉपला मी स्वतः रॅम बसवली आहे. शीट तयार: ४१ शिष्यवृत्त्या, १७ कॉलम. सतरावा कॉलम: होस्टेलला सोबत काय न्यावं लागतं. एवढा पुढचा विचार आमच्या वर्गात कुणी केला नसणार.

२३ मार्च, सोमवार
४१ पैकी माझ्या निकषांत बसते एकच. अंकुरवाट फाउंडेशन. तीन वर्षं फी, होस्टेल, मेस. मुदत ३० एप्रिल, सायंकाळी ५. म्हणजे ३८ दिवस. मला चार पुरतील.
अटी: उत्पन्नाचा दाखला (आहे). बारावीत साठ टक्के (हसू आलं). एका मोबाइल नंबरवर एकच अर्ज. शेवटी एक टिपण, २५० ते ३०० शब्द: "तुम्हाला या मदतीची गरज का आहे?"
टिपण किरकोळ आहे. शीटमध्ये त्याला १५ मिनिटं दिलीत.

२७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ
कुठलीही सिस्टिम चाचणीशिवाय चालू करायची नसते. चाचणीसाठी कुणाचा तरी खरा डेटा हवा होता. तेवढ्यात समोरच्या हेमलता काकू आल्या, "मनी पोरनं बी भरी दे वं माय." त्यांची पोर म्हणजे भूमिका, माझ्याच वर्गातली. होळीत तिच्या फोनमध्ये पाणी गेलं, म्हणून नंबर माझा टाकला.
भूमिका कैरीला तिखट-मीठ लावून खात बसली होती. विचारलं, तुला गरज का आहे? म्हणाली, "पैसे नाहीत म्हणून, अजून काय लिहितात?" मग डमी मजकूर मीच लिहिला. तिचे वडील पप्पांबरोबरच दीपनगरला वीज केंद्रात कंत्राटी कामाला आहेत, तेव्हा तपशील दोन्ही घरांचा सारखाच. लिहिलं की कंत्राटदाराच्या नियमाने फोन गेटवर पेटीत ठेवावा लागतो. आठ तास माणूस कुठे आहे, कसा आहे, घरी कळत नाही. पहिल्या पाळीला तीन वाजता सुटी झाली की तीन वीसला फोन येतो, एकच शब्द, "सुटलो", आणि त्यानंतरच आई तांदूळ धुवायला घेते. बाबा घरी येईपर्यंत भात गरम असतो. मला असं शिकायचं आहे की आईला भाताची वेळ फोनवरून ठरवावी लागणार नाही.
२८७ शब्द. २२ मिनिटं. डमी मजकूर असल्याने विचार करावा लागला नाही.
सबमिट दाबलं, कारण त्याशिवाय पावतीचं पान कसं दिसतं ते कळत नाही. चाचणी यशस्वी.

२ एप्रिल, गुरुवार
माझा अर्ज सुरू केला. नंबर टाकला. पोर्टल म्हणालं, "स्वागत, भूमिका."
नियम ७: नोंदलेला नंबर यंदा बदलता येणार नाही. हा नियम मी वाचला होता. चाचणीला तो लागू होईल असं गृहीत धरलं नव्हतं. चाचणीतून शिकायचं असतं ते हेच.
मम्मीचा नंबर आहे.

५ एप्रिल, रविवार. धुळे
मावशीकडे आलोय. मावसबहीण रूपालीने सांगितलं, तिनेही अंकुरवाटचा अर्ज भरला. सायबर कॅफेत, चाळीस मिनिटांत, मम्मीच्या नंबरवर. मम्मीने मला न विचारता दिला. विचारलं तर म्हणाली, "तू तर अजून शीटच रंगवत होतीस."
रूपालीने टिपणात काय लिहिलं? म्हणे, "जे खरं ते लिहिलं. तू कधी भरणार ताई, लग्न झाल्यावर?" सगळे हसले. मावशी जास्त.
मी तिला पाच चुका दाखवल्या. अर्ज गेलेला असल्याने त्यांचा उपयोग नव्हता.

१० एप्रिल, शुक्रवार
पप्पांचा नंबर घ्यायचा ठरवलं. ते म्हणाले, "टाकी दे मना नंबर. सांजले घर उनू का ओटीपी सांगसू." म्हणजे संध्याकाळी घरी आल्यावर.
पण घाई बरोबर नाही. चार दिवस पोर्टलचा वेग मोजला. सर्वांत चांगला काळ सकाळी १०.४० ते ११.१०. या आठवड्यात पप्पांची पहिली पाळी, त्या वेळी फोन पेटीत. पुढच्या आठवड्यात दुसरी पाळी. मध्यरात्री येतात, अकरापर्यंत झोपतात. झोपमोड करणं योग्य नाही.
म्हणजे अडचण माझ्याकडून नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार
नवीन सिमचा पर्याय तपासला. अठरा पूर्ण व्हायला ६३ दिवस बाकी. पर्याय बाद.
दरम्यान टिपण सुरू केलं. "मला या मदतीची गरज आहे कारण". सहा शब्द. "गरज" हा शब्द मोजता येत नाही, म्हणून पुढे गेले नाही.
भूमिकाचा मजकूर पुन्हा वाचला. तो बरा झाला आहे. वापरता येणार नाही, कॉपी ठरेल. अडचण एवढीच की आमच्या घरातलं जे सांगण्यासारखं होतं, ते सगळं त्यात गेलं.

१९ एप्रिल, रविवार
आजपासून पप्पांची पाळी बदलली, संध्याकाळी घरी होते. जेवणानंतर त्यांनी फोन माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "घे. आते भरी टाक." मी सांगितलं, संध्याकाळी सर्व्हर स्लो असतो. त्यांनी मान हलवली. बातम्या संपेपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसले, मग खुर्चीतच डोळा लागला. फोन हातातच होता.
कुतूहल म्हणून पोर्टल उघडून पाहिलं. दोन सेकंदांत उघडलं. अपवाद असतात.

२२ एप्रिल, बुधवार. ४४ अंश
भूमिका येऊन कूलरसमोर बसली. म्हणाली, "तुझा तर कधीच झाला असेल. तू तर आमची मास्तरीण." मी म्हटलं, अंतिम टप्प्यात आहे. ते चुकीचं नाही. शेवटून मोजलं तर आठ दिवसच राहिलेत.

२८ एप्रिल, मंगळवार
अंतिम आराखडा. ३० तारखेला गुरुवार, पप्पांची साप्ताहिक सुटी. फोन घरी, पप्पा जागे, १०.४० चा वेग. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी जुळतात. शीटमध्ये तो चौकोन हिरवा केला.
टिपण: ९ शब्द. दडपणाखाली मी चांगलं लिहिते.

३० एप्रिल, गुरुवार. सकाळी ६.०५
पप्पा कामावर गेले. सुपडू काकांच्या पुतणीचं लग्न, म्हणून त्यांच्या जागी बदली ड्युटी. काल संध्याकाळीच हो म्हणून बसले. मला आत्ता, बूट घालताना सांगितलं. म्हणाले, "तुनं व्हई गयं आसंच वाटनं माले." माझं झालं असेल असं त्यांना वाटलं. मी कालपर्यंत तसंच दाखवत होते, हे मान्य.

३० एप्रिल. सकाळी ११.३०
१०.४० गेले. दीपनगरला जाते.

३० एप्रिल. संध्याकाळी ७.४०
क्रमाने लिहिते.
एसटीने भुसावळ, तिथून शेअर रिक्षा. गेटवर २.२० ला पोहोचले. वॉचमन चिंधाभाऊ. त्यांच्या टपरीत काचेच्या झाकणाची लाकडी पेटी, खणांना नंबर. म्हणाले, "बठ्ठा फोन आठेच शेतस. पण टोकन बगर कोणाले देवाव नही." सगळे फोन इथेच, पण टोकनशिवाय कुणाला मिळणार नाही. पप्पांचा फोन खण ६४ मध्ये. टोकन पप्पांच्या खिशात, पप्पा आत.
मी माझ्या फोनवर पोर्टल उघडलं, पप्पांचा नंबर टाकला. खण ६४ मध्ये उजेड पडला. मी चिंधाभाऊंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा लावला, पेटीवर वाकले. म्हणाले, "हात लावाले मनाई शे. वाचाले नही." आणि काचेतून सहा आकडे वाचून दाखवले.
२.४१ ला लॉगिन झालं. २.५५ ला नाव, गुण, दाखला, सगळं अपलोड. दाखल्याची साइज आधीच कमी करून ठेवली होती. चौदा मिनिटं. महिन्याभराची तयारी इथे दिसली.
राहिलं फक्त टिपण. दोन तास पाच मिनिटं.
३.०५ ला पप्पा बाहेर आले. मला पाहून आधी घाबरले, घरी काय झालं म्हणून. कळल्यावर उसाचा रस आणला. बाकावर माझ्या शेजारी बसले, पण तोंड रस्त्याकडे करून. पोरगी काय लिहिते ते दिसू नये म्हणून, हे मला नंतर लक्षात आलं.
३.२० ला त्यांनी मम्मीला फोन केला. सुटलो म्हणाले. मग, हो, पोरगी इथेच आहे, येतो.
३.४५ ला विचारलं, "व्हयनं का वं?" मी म्हटलं, फाइल कॉम्प्रेस करतेय. ४.२० ला पुन्हा. पुन्हा तेच सांगितलं. चिंधाभाऊ टपरीतून म्हणाले, "इतलं काय इचार करी राहिनी बेटी? तुले काय पाहिजे ते लिखी टाक, बस."
४.५२ ला लिहिलं, "माझ्या वडिलांना". वडील दीड फुटावर होते. ग्लास धुऊन परत द्यायला निघाले होते. खोडलं.
५.०० ला पान बंद.
बसमध्ये पप्पांना सांगितलं, सर्व्हर गेला. ते म्हणाले, "जाऊ दे." तिकीट त्यांनी काढलं.
पोर्टल वेळेआधी बंद झालं असावं. माझ्या फोनचं घड्याळ चार सेकंद मागे असू शकतं. हेल्पलाइनला तसा मेल केला आहे.

९ मे, शनिवार
निकाल. मला ८६.१७. भूमिकाला ६८.५०. रूपालीला ७१.
हेल्पलाइनचं उत्तर आलं. पोर्टल वेळेवरच बंद झालं. माझ्या टिपणाचं पान दोन तास पाच मिनिटं उघडं होतं. जतन केलेले शब्द: शून्य. त्यांच्या नोंदीत चूक असू शकते. पुन्हा मेल केला नाही.

८ जून, सोमवार
सकाळी माझ्या फोनवर मेसेज. "अभिनंदन! अंकुरवाट शिष्यवृत्तीच्या मुलाखतीसाठी आपली निवड झाली आहे." साधारण पाच सेकंद वाटलं की हेल्पलाइनने माझा मुद्दा मान्य केला. मग वर स्क्रोल केलं. प्रिय भूमिका.
मुलाखत नोंदलेल्या नंबरवर, म्हणजे माझ्या. परवा ११ वाजता. वेग चांगला असेल.

१० जून, बुधवार
भूमिकाने आमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या फोनवरून मुलाखत दिली. स्पीकर चालू ठेवला होता, तिला एकटीला भीती वाटते. पलीकडच्या बाई म्हणाल्या, तुमचं टिपण समितीत मोठ्याने वाचलं, भाताचं वाक्य कुणी विसरणार नाही. आणि त्यांनी ते वाचून दाखवलं.
पप्पांची दुसरी पाळी होती, ते नुकतेच उठून दारात चहा घेत होते. ऐकत राहिले. फोन बंद झाल्यावर म्हणाले, "भारी लिखेल शे. कोणी लिखं?" भूमिकाने कैरी धरलेल्या हाताने माझ्याकडे बोट केलं.
पप्पांनी कप ठेवला. बाहेरच्या ओट्यावर जाऊन बराच वेळ चपला नीट लावत बसले. दोनच जोड होते.

१५ जून, सोमवार
भूमिकाची निवड झाली. काकूंनी पेढे दिले. रूपाली प्रतीक्षा यादीत दुसरी.
जळगावच्या कॉलेजचा प्रवेश अर्ज भरला. कागदी होता. टिपण नव्हतं. सहा मिनिटं लागली.
पप्पांची पुन्हा पहिली पाळी. तीन वीसचा फोन आज मम्मीला न येता मला आला. म्हणाले, "सुटलो." मी म्हटलं, बरं. मग आत जाऊन मम्मीला सांगितलं, तांदूळ धू.

१९ जून, शुक्रवार
अठरा पूर्ण. पप्पा मला दुकानात घेऊन गेले आणि माझ्या नावावर सिम घेऊन दिलं. म्हणाले, आता तुला कुणाच्या नंबरची गरज नाही. अगदी बरोबर. नव्या नंबरवर कुठलाही अर्ज नोंदलेला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलींसाठी काही योजना असतात. नवीन शीट करायला घेतली आहे. या वेळी टिपणाला २५ मिनिटं ठेवलीत.

२१ जून, रविवार
भूमिका उद्या पुण्याला जाणार. काकूंनी गच्चीवरून ओरडून विचारलं, होस्टेलला बादली न्यायची का, की तिथे मिळते?
जुनी शीट उघडली. कॉलम १७. बादली, मग, कुलूप न्यावं लागतं. गादी तिथे मिळते, चादर नाही. नीट यादी करून भूमिकाच्या नव्या फोनवर पाठवली. माझ्या नव्या नंबरवरून गेलेला हा पहिला मेसेज.
दहा मिनिटांनी उत्तर आलं.
"थँक्यू! पण कोण बोलतंय?"