सात नंबर आणि आठ नंबर

ता. ९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांचा खोकला गेल्याचं वाचून बरं वाटलं. मी इथे प्रयोगशाळेत नेमकं काय करते, असं तू दर पत्रात विचारतेस आणि मी दर वेळी टाळते. आज तुझ्या शिवणकामाच्या भाषेत सांगून बघते.

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. त्याची शिवण इतकी घट्ट असते की रक्तातलं नको ते मेंदूत शिरत नाही. बाबांच्या आजारात, अल्झायमरमध्ये, ही शिवण सैल पडलेली दिसते. ती आजाराआधी सैल पडते की नंतर, यावर इथे रोज वाद चालतात. जिवंत माणसाचा मेंदू कापून बघता येत नाही. म्हणून आम्ही रक्तातल्या पेशी घेतो, त्यांना मागे नेऊन कोऱ्या कापडासारख्या मूळपेशी करतो आणि त्यांच्यापासून तसलंच अस्तर एका जाळीवर वाढवतो. मग वरून रंगीत पाणी घालायचं आणि खाली किती उतरतं ते मोजायचं.

गेल्या वर्षी तुम्हा दोघांचं रक्त नेलं ते यासाठीच. बाबांचं आजारी म्हणून, तुझं धडधाकट म्हणून. कुठला नमुना कोणाचा हे मला कळायला नको होतं, पण नळ्यांवर नंबर मीच चिकटवले. सात नंबर बाबा, आठ नंबर तू. आणि दोन्ही अगदी सारखे वागतायत. तीनदा करून पाहिलं. आमच्या मॅडम म्हणतात नळ्यांची अदलाबदल झाली असेल. पण मग फरक उलटा दिसेल, नाहीसा कसा होईल? माझं डोकं चालेनासं झालंय. त्या दिवशी काय झालं ते आठवून नीट लिही.

मदतीला बाई ठेवायचंही मनावर घे. बाबांना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
टिटवी

ता. १७ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तोंड लपवावंसं वाटलं. आता सांगूनच टाकते.

रक्त घ्यायला आलेला माणूस घाईत होता. दादाने सुई बघितली आणि कपाटामागे जाऊन उभा राहिला. जन्मभर मला दटावणारा माझा भाऊ, आणि मला म्हणाला की मावशी, यांना जायला सांगा. माझ्याच्याने बघवेना. मग मीच दोनदा हात पुढे केला. त्या माणसालाही जेवायला जायचं होतं, त्याने खळखळ केली नाही. एक नळी माझ्या नावाची, एक दादाच्या. बहीणभावाचं रक्त एकच, तुझ्या यंत्राला काय कळणार, असं मला वाटलं. तुझं एवढं वर्ष वाया घालवलं असेल तर कान धर माझा.

पण बघ, कोडं तर सुटलं. दोन्ही माझेच, म्हणजे दोन्ही धडधाकट. एका चिंतेतून तरी सुटलीस.

बाईबिई नको. मी आहे तोवर दादाला परक्या हाताचा घास नको. माझं डोकं शाबूत आहे. परवा एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या बसवल्या खऱ्या, पण दादा सारख्या हाका मारत होता. गिऱ्हाईक हसलं, मी उसवून दिलं. तब्येतीला जप आणि या म्हातारीवर रागावू नकोस.

तुझी,
आत्या

ता. २५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडलं. तू म्हणतेस ते खरं निघालं. मी तपासून घेतलं, दोन्ही नमुने एकाच बाईचे आहेत. मॅडम खूप बोलल्या.

पण आत्या, दोन्ही धडधाकट असं मी लिहिलं नव्हतं. सारखे आहेत एवढंच लिहिलं होतं. दोन्हींतून रंग खाली उतरतो. दोन्ही गळतात.

जाळीवरचं अस्तर म्हणजे माणूस नव्हे. एका माणसाच्या नमुन्यावरून काहीच ठरत नाही. पेशींना घातलेलं खाद्य बिघडलेलं असेल, माझाही हात चुकला असेल. घरी एक अक्षर लिहायचं नाही, अशी मॅडमनी ताकीद दिली आहे. न सांगावं तर तू बाबांना एकटीने ओढत राहणार, सांगावं तर रोज स्वतःला तपासत बसणार. काय बरोबर ते मला अजून कळत नाही. दोन्ही बाह्या डाव्या, हे वाचलं म्हणून लिहिलं. मला भीती वाटते. डॉक्टरांना दाखव. मी पुढच्या महिन्यात येतेच आहे. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
टिटवी

ता. ८ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर केला. आधी तुझा राग आला, मग माझा. मग गिऱ्हाइकांची मापं पाठ येतात का ते बघत बसले. निम्मी आली, निम्मी नाही. पण आधी तरी सगळी येत होती का, हे कोणाला विचारू? दादाला विचारलं, तर म्हणाला की तू पहिल्यापासूनच विसराळू. त्याचं खरं धरायचं का?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वय झालंय, झोप पुरत नाही, सहा महिन्यांनी परत या. म्हणजे त्यांनाही कळलेलं नाही. तू येशील तेव्हा मला ती जाळी कागदावर काढून दाखव, मी शिवण बघून काही सांगता येतं का ते पाहीन.

बाई ठेवली आहे. सोमवारपासून येईल. दादा ऐकणार नाही म्हणून त्याला सांगितलं की ती तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी येणार आहे, मला हल्ली आठवत नाही. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, मग ठेव. दादाशी खोटं बोलले, असं तुला लिहायला बसले होते. पण ते खोटं होतं का, हे मला सांगता येत नाही.

ये लवकर. आहे तोवर माया करत राहा.

तुझी,
आत्या