बिनमरणाची कादंबरी

बल्लारपूर, ४ ऑगस्ट

चि. उर्वशीस,

अनेक शुभाशीर्वाद. वि. वि. भामरागडचा टॉवर बंद, तुझा फोन लागत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. नदी उतरली की पोचेल. शाळेतल्या पोरींना पाणी उकळून पाजतेस ना? तूही तेच पी.

तुझ्या बाबांचं गाऱ्हाणं सांगायचं आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बजावलं, की आता लांबवाल तर डोळ्यातला दाब वाढेल आणि नजर कायमची जाईल. हे मात्र एकदा अमावास्या सांगतात, एकदा भाताची रोवणी सांगतात. अगं, शेत बटईनं दिलेलं, यांनी बांधावर पाय ठेवून जमाना झाला! विचारलं, तर म्हणतात, मले काई घाई नाई.

आणि पुस्तकावाचून तर यांना घास उतरत नाही. मग वाचायचं कोणी? मी! सातवी शिकलेली बाई, लग्न झाल्यापासून या पुस्तकांना सवत म्हणत आले, आता रोज दुपारी त्याच सवतीला मांडीवर घेऊन बसते. एक सांगते, त्यांना कळू देऊ नकोस. त्यांच्या आवडत्या कादंबरीत नायिकेचा भाऊ साप चावून मरतो. मी ते पान उलटलं आणि त्याला बरा केला. ऑपरेशन डोक्यावर असताना घरात कोणाचं मरण मोठ्यानं वाचायला माझी जीभ रेटत नाही. मला फार भीती वाटते गं. रद्दीवाल्या शफीभाईंकडे जाऊन ज्यात कोणीच मरत नाही असं पुस्तक मागितलं. बिचाऱ्यांनी सगळी थप्पी उपसली आणि शेवटी लोणच्यांचं पुस्तक हातात दिलं.

तूच काहीतरी लिही त्यांना. तुझं ते ऐकतात. जिवाला जप, एवढंच मागणं.

तुझी आई,
सौ. इंदू

बल्लारपूर, ९ ऑगस्ट

चि. उर्वशीस,

आशीर्वाद. अक्षरं भोपळ्याएवढी दिसतील. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेननं, अंदाजानं लिहितो आहे. तुझी आई बाजारात गेली आहे. पाकिटावर पत्ता शफीभाई घालून देतील.

आईनं माझी तक्रार केलीच असेल. अमावास्या, रोवणी, सगळं खोटं. खरी गोष्ट अशी, की डोळा सुधारला की तिचं वाचन बंद होणार. पेपर मिलमधून पाळी संपवून आलो, की मी पुस्तकात तोंड खुपसायचो आणि ती चुलीकडे तोंड करून बसायची. सारी उमर अशीच गेली. आता ती माझ्यासमोर बसते. तिचा आवाज इतका गोड आहे, हे मला या वयात कळलं!

आणि वाचते कशी, काय सांगू! ती कादंबरी मला पाठ आहे. तो भाऊ मरतो. हिनं त्याला उठवून चहा पाजला. पुढे त्याची तेरवी आली, तर हिनं तिथं बारसं घालून टाकलं. आता बारशाला सारा गाव धाय मोकलून रडतो आहे, आणि मी उशीत तोंड घालून हसतो आहे! हे सुख सोडून डोळ्याला पट्टी बांधून घ्यायला कोण जाईल? नजर गेली तरी चालेल, असंही कधी कधी वाटतं. आईजवळ यातलं काही बोलू नकोस.

बापावर माया आहेच, ती तशीच ठेव.

तुझे बाबा,
हेमराज

भामरागड, २१ ऑगस्ट

ती. बाबांस,

कृ. शि. सा. न. वि. वि. हे पत्र आईच तुम्हाला वाचून दाखवणार. म्हणून आधी तिलाच सांगते. आई, पान उलटायचं नाही आणि शब्द गाळायचा नाही. तुम्ही दोघांनी आपापलं गुपित माझ्याकडे ठेवायला दिलंत, पण माझ्या पोटात ते राहत नाही.

बाबा, आई मरणं गाळते, कारण तिला तुमच्या ऑपरेशनची धास्ती वाटते. आणि आई, बाबांना ती कादंबरी पाठ आहे. तुझ्या बारशाला ते पोटभर हसले. नीट दिसायला लागल्यावर तू समोर बसणार नाहीस, या भीतीनं ते ऑपरेशन टाळत आहेत.

मला हसू आलं, मग फार राग आला. इथं तापानं फणफणलेल्या माणसाला नावेतून नदीपार न्यावं लागतं. तुम्हाला चंद्रपूर हाकेच्या अंतरावर, आणि तुम्ही अमावास्या शोधत बसता! आईचा आवाज काही मोतीबिंदूबरोबर कापून निघत नाही, बाबा. आणि तुम्ही आंधळे झालात तर इथं माझं मन कशातच लागणार नाही.

शिव्या द्यायच्या त्या उलट टपाली द्या, पण ऑपरेशन झाल्यावर.

दोघांची लाडकी आणि आता दोघांनाही फितूर,
उर्वशी

बल्लारपूर, २८ सप्टेंबर

चि. उर्वशीस,

अनेक आशीर्वाद. अक्षर बघ, पुन्हा ओळीत आलं आहे.

तुझं पत्र तिनं एकही शब्द न गाळता वाचलं. मग बराच वेळ दोघांनाही एकमेकांना तोंड दाखवायची चोरी. शेवटी तीच म्हणाली, की उद्याच्या बसनं चला, दिसाले लागलं तरी मी वाचूनच दाखवीन, पण आता नखरे नाई. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. डाव्याचं दिवाळीनंतर. पट्टी सुटल्यावर पहिली दिसली ती तुझी आई. केस केवढे पांढरे झालेत! तसं बोललो, तर म्हणाली, की पांढरे कवाचेच हायेत, तुमीच आता पाहून राह्यले.

डॉक्टरांनी थोडं थोडं वाचायला परवानगी दिली आहे. काल दुपारी ती बरबटीच्या शेंगा सोलायला समोर बसली आणि म्हणाली, की आज तुमी वाचा. मी तीच कादंबरी घेतली. सापाचं पान आलं. वाटलं, कशाला तिचा जीव घाबरा करायचा, म्हणून हळूच पान उलटलं. तिनं शेंगा खाली ठेवल्या. म्हणाली, की मरते तो, मले माहीत हाय. आता भेव सरलं, नीट वाचा.

मग वाचलं, सगळं. ती पदर डोळ्याला लावून मनसोक्त रडली. मला मात्र रडू दिलं नाही. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून सांगितलं आहे ना!

आमच्यावरचा लोभ राहू दे, आणि रागही.

तुझे बाबा,
हेमराज