गळ्यातला दोर

तान्हा पोळा, दिवेलागणीनंतर

सखूकाकूचं बोलणं डोक्यातून जात नाही.

काल पोळा झाला. बाबांनी बैलांसोबत माझ्या विजेवरच्या गाडीचीही पूजा केली, आरशाला माळ घातली आणि चार्जिंगची वायर काढून खुंटीला टांगली. आज सकाळी विचारलं तर म्हणाले, "सणाच्या दिवशी गळ्यात दोर कायले?" मला हसू आलं. मग गाडीतला बॅटरीचा आकडा दिसला. अठ्ठावीस टक्के. यवतमाळला जेमतेम पोहोचण्यापुरते. शेजारच्या सखूकाकूचं आजचं डायलिसिस टाळता येत नव्हतं, आणि तांड्यावरची एसटी तर निघून गेलेली.

एसी बंद ठेवला, गाडी हळू घेतली. काकूला धाप लागत होती. ती खिडकीशी तोंड नेऊन बसली. मी तो आकडाच पाहत राहिलो. पोहोचलो तेव्हा चार टक्के उरले होते.

तिचं डायलिसिस होईपर्यंत गाडी चार्ज झाली. येताना एसी लावला, तेव्हा ती म्हणाली, "आता गार हवा देऊन राह्यला, पण जाताना माह्याकडं एकदाबी पाह्यलं नाही तू. पुढच्या खेपेस एसटीनंच जाईन, बापू."

घरी बाबांनी विचारलं, "पावला का आपला नंदी?" मी हो म्हणालो. खरं सांगून त्यांना कशाला दुखवू? त्यांनी स्वतःच वायर लावली, गाडीच्या पाठीवरून हात फिरवला.

देवापुढे हात जोडले तरी डोळ्यांपुढे तो आकडाच येतो. दोर बाबांनी सोडला होता. पण काकूकडे मान वळवायला मला कुणी अडवलं होतं?