भिंगरीचं मागणं

१५ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. मागच्या मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तुझी भिंगरी किंचाळू लागली.
२. वहिनीने तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला.
३. ती गप्प झाली.
४. पहिल्यांदाच घरी आलेल्या थेरपिस्ट बाई समोर बसून हे पाहत होत्या. असं कधीपासून चालतं, असं त्यांनी विचारलं.
५. तीन वर्षं, असं आम्ही सांगितलं.
६. किंचाळायची शिकवणी तुम्ही उत्तम घेतलीत, मुलगी हुशार आहे, असं त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी नोंदी ठेवल्या: आधी काय झालं, मग तिने काय केलं, नंतर आपण काय केलं. ती चाळीस वेळा किंचाळली. त्यातल्या एकतीस वेळा शेवट किल्ल्यांनी झाला. बोलता न येणारी सहा वर्षांची मुलगी किल्ल्या मागत होती, आणि मागायची ही एकच रीत तिला माहीत होती. ती आपणच शिकवलेली. मी पोटापाण्यासाठी वजनकाटे तपासते. काटा चुकला की आधी खालचं टेबल सपाट आहे का ते बघायचं असतं. ते मी तीन वर्षं बघितलं नाही.

मी तिच्या हात फडफडवण्याचाही रकाना आखला होता. त्याने कुणाला इजा होते का, असं विचारून बाईंनी तो खोडला. तो तिचा आनंद आहे, तो मोजायचा नाही म्हणाल्या.

निवासी शाळेतल्या जागेसाठी तीस ऑगस्टपर्यंत होकार द्यायचा आहे, हे लक्षात आहे. वहिनीला तिला पाठवायचं नाही. तोवर होकार कळवू नकोस, एवढंच मागणं. लोभ आहेच, तो वाढावा. घाई वाढू नये.

तुझी धाकटी

२२ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

टपालाचा ट्रक दोन दिवस उशिरा आला. इथे बोगद्याच्या कामावर फोन लागत नाही, त्यामुळे तुझं पत्र तीनदा वाचून झालं. लहानपणी माझ्या वाट्याची बिस्किटं मोजायचीस, आता माझ्या मुलीच्या किंकाळ्या मोजतेस. खोड काही जात नाही!

पण बाई गं, पोर म्हणजे वजनकाटा नव्हे. हे कर, मग ते मिळेल, असं सर्कशीत चालतं. तिला पोपट करू नका. शाळेत चोवीस तास जाणकार माणसं आहेत. तुझी वहिनी एकटी किती पुरी पडणार? आणि खरं सांगतो, मागच्या खेपेला मी आलो तेव्हा तिने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. ती मला ओळखत नाही. जिथे बापच परका, तिथे शाळा परकी म्हणून काय अडलं? रागावू नकोस. जेवत जा वेळेवर.

तुझा दादा

१० ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बोगद्यात बसून शेळ्या हाकणं सोपं आहे. इथला हिशोब असा.

किल्ल्यांचा फोटो काढून कार्ड केलं. तिची नजर जुडग्याकडे गेली की, किंचाळण्याआधीच, वहिनी मागून तिचा हात हलकेच धरून ते कार्ड माझ्या हातात ठेववते. तिने हात काढून घेतला तर सोडायचा. कार्ड आलं की किल्ल्या तत्क्षणी द्यायच्या. किंचाळली तर द्यायच्या नाहीत, जवळ बसून राहायचं. पहिल्या दिवशी सर्वात लांब किंकाळी अकरा मिनिटांची, दुसऱ्या दिवशी एकोणीस. शेजारच्या काकू विचारायला आल्या. तिसऱ्या दिवशी फितूर कोण झालं, तर मी. किल्ल्या दिल्या आणि कारणाच्या रकान्यात ‘राहवलं नाही’ असं लिहिलं. बाई हसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून धरा म्हणाल्या.

बाराव्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात होती. भिंगरी एकटी उठली, कार्ड घेतलं, चालत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या हातात ठेवलं. मी किल्ल्या दिल्या. वहिनी दारातच खाली बसली.

सर्कशीत जनावर माणसाचं ऐकतं. इथे ती मागते आणि आम्ही ऐकतो. पोपट झालेच असतील तर आम्ही.

तुझी धाकटी

१५ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हरलो. ‘राहवलं नाही’ वाचून जरा बाहेर जाऊन आलो. तुझ्या वहिनीला माझं शाबास सांग. शाळेचं काय ते अजून ठरत नाही. रजा मागितली तर मिळेल, पण येऊन काय करू? किल्ल्या मागेल, पाणी मागेल. मला कोण मागतंय?

तुझा दादा

१९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आता कार्डं नऊ आहेत. सोमवारी दातांच्या डॉक्टरकडे तिने ‘पुरे’चं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी हात लगेच मागे घेतला. मिनिटभराने तिने आपणहून तोंड उघडलं. दाताचं काम झालं. या महिन्यात ती एकूण चार वेळा किंचाळली आहे.

काल दुपारी तिने वहिनीच्या आरशाच्या कोपऱ्यातला तुझा फोटो काढून माझ्या हातात ठेवला. चुकून असेल म्हणून मी तो परत खोचला. तिने पुन्हा काढला. तिसऱ्यांदा फोटो ठेवून तिने माझी बोटं स्वतः मिटली आणि दाराकडे बघत उभी राहिली. हे कार्ड आम्ही केलेलं नव्हतं. ‘ती मला ओळखत नाही’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य मी खोडलं आहे.

नियम तुला माहीत आहे. कार्ड दिलं की मागितलेलं तत्क्षणी द्यायचं. काल मला तो पाळता आला नाही. शाळेचा होकाराचा फॉर्म कोराच सोबत पाठवते आहे. फाडायचा तर तू फाड.

कोणत्या गाडीने येतोस ते अठ्ठावीस तारखेपर्यंत कळव.

तुझी धाकटी